क्रिस लेडू : स्वार आणि गवई

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिमेकडच्या विस्तीर्ण माळरानांवर गुरांचे मोठमोठे कळप राखणारे जे घोडेस्वार गुराखी, त्यांस तिकडे काउबॉय म्हणतात. ठरावीक ऋतूत माळावर पांगलेली गुरे हाकून एकत्र आणावयाची, वासरांना डाग द्यावयाचे, विक्रीची जनावरे निवडून काढावयाची, हे त्यांचे काम. ते आटोपले म्हणजे अनावर घोड्यावर कोणता गडी अधिक वेळ टिकतो, कोणाचा फास अचूक पडतो, अशा पैजा लागत. या पैजांतूनच रोडिओ नावाचा खेळ जन्मास आला. गुरे एकत्र वळविणे अशा अर्थाचा तो मूळचा स्पॅनिश शब्द आहे. ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे, त्याने या खेळात जगज्जेतेपद मिळविले आणि त्याच खेळाची गाणी रचून व गाऊन लक्षावधी श्रोते जोडले. त्याचे नाव क्रिस लेडू. आडनाव फ्रेंच वळणाचे असल्यामुळे त्याच्या शेवटी लिहिले जाणारे एक्स हे अक्षर उच्चारीत नाहीत, हे इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

क्रिसचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ रोजी मिसिसिपी संस्थानातील बिलॉक्सी या गावी झाला. त्याचे वडील अल लेडू हे विमानदलात नोकरीस होते. त्यामुळे बिऱ्हाड एका गावी फार काळ राहत नसे. वायोमिंग संस्थानात त्याच्या आजोबांची शेतवाडी होती. तेथे गेला असता तो घोड्यावर बसण्यास शिकला. वयाच्या तेराव्या वर्षी, टेक्सासमध्ये राहत असताना, तो प्रथम रोडिओच्या रिंगणात उतरला आणि लहान मुलांच्या सामन्यांत बक्षिसेही मिळवू लागला. पुढे वडिलांबरोबर तो वायोमिंगमधील शायान शहरी आला. या शहरात १८९७ पासून रोडिओचा मोठा वार्षिक उत्सव भरत आला आहे. घोड्याचे वेड लागलेल्या मुलास याहून योग्य स्थळ कोणते? तेथील हायस्कुलात शिकत असतानाच त्याने संस्थानातील शालेय विद्यार्थ्यांचे अजिंक्यपद दोन वेळा पटकाविले. गिटार आणि तोंडाने वाजवावयाचा हार्मोनिका ही दोन वाद्येही त्याने याच वयात हाती घेतली. रोडिओतील नैपुण्याबद्दल त्यास कॅस्पर येथील कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. १९६९ साली तो साऱ्या देशातील कॉलेज विद्यार्थ्यांत पहिला आला, आणि १९७० पासून त्याने हा खेळ हाच आपला धंदा केला.

त्याने निवडलेला प्रकार रोडिओतील अतिशय कठीण प्रकारांपैकी एक. यात घोड्याच्या पाठीवर खोगीर नसते आणि हातात लगामही नसतो. घोड्याच्या छातीभोवती आवळलेला चामड्याचा एक पट्टा असतो व त्यास सुटकेसीच्या मुठीसारखी एक मूठ असते. स्वाराने एका हाताने ती मूठ धरावयाची. दुसरा हात वर मोकळा. त्या मोकळ्या हाताचा घोड्यास किंवा स्वतःच्या अंगास स्पर्श झाला की डाव फुकट गेला. फळ्यांच्या अरुंद खोड्याचे दार उघडून घोडा पहिली उडी घेतो, त्या वेळी स्वाराच्या दोन्ही टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर टेकलेल्या असाव्या लागतात. घोड्याचे पुढचे पाय जमिनीस लागेपर्यंत त्या ढळल्या तरीही डाव बाद. यानंतर आठ सेकंद टिकावयाचे. आठ सेकंद म्हणजे किती, असे वाटून हसू येईल. परंतु शरीराचे सारे ओझे एका मनगटावर तोलून, उसळत्या जनावराच्या प्रत्येक हिसक्यास पाठीचा कणा देत ज्याने ते काढले, त्यास विचारावे. शंभर गुणांपैकी अर्धे स्वाराचे व अर्धे घोड्याचे असतात. घोडा जितका अनावर, तितके गुण अधिक. म्हणून खरा स्वार वाट्यास आलेल्या गरीब घोड्यावर खूष नसतो. या न्यायात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते.

या धंद्यात वेतन नाही. प्रत्येक सामन्यात उतरण्यास स्वारानेच प्रवेशशुल्क भरावे लागते. जिंकला तर बक्षीस. हरला तर शुल्क गेले, प्रवासाचा खर्च अंगावर पडला, आणि हाड मोडले असेल तर वैद्याचे देणे निराळेच. एक गाव संपले की रात्रभर मोटार हाकून शेकडो मैलांवरचे दुसरे गाव गाठावयाचे, असा क्रम हंगामभर चाले. क्रिसने गाणी रचण्यास आरंभ केला तो या खर्चास हातभार लागावा म्हणून. विषय शोधण्यास त्यास दूर जावे लागले नाही. रात्रीचे रस्ते, रिकामे खिसे, दुखावलेला खांदा, दूर राहिलेले घर, आणि एवढे सोसूनही पुढच्या गावी जाण्याची न शमणारी ओढ, हेच त्याचे विषय. दोनेक वर्षांत एक संच होईल इतकी गाणी जमली. मग पिता-पुत्रांनी मिळून अमेरिकन काउबॉय साँग्ज या नावाची स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. एका मित्राच्या घरात गाणी मुद्रित केली जात, आणि क्रिस आपल्या ट्रकच्या मागच्या भागात त्यांचे संच ठेवून रोडिओच्या मैदानाबाहेर स्वतः विकीत असे. नुकताच रिंगणात धुळीत लोळलेला माणूस बाहेर येऊन त्याच धुळीचे गाणे विकतो, असा हा व्यापार होता. १९७२ साली त्याचा विवाह झाला. पुढे त्यास पाच मुले झाली.

खोगिराविना स्वारीचे जगज्जेतेपद १९७१ पासून १९७५ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जो अलेक्झांडर या थोर स्वाराकडे होते. १९७६ साली ऑक्लाहोमा सिटी येथे भरलेल्या राष्ट्रीय अंतिम रोडिओत ते क्रिस लेडूने मिळविले. ज्या जनावरावर ही विजयी स्वारी झाली त्याचे नाव स्टॉर्मी वेदर, म्हणजे वादळी हवा. जेत्यास सोन्याचे बक्कल मिळते. काउबॉय लोकांत या बक्कलाचा मान राजमुद्रेहून कमी नाही. क्रिसच्या बाबतीत त्याचा आणखी एक उपयोग झाला. रोडिओची गाणी गाणारे पुष्कळ असतात. परंतु हा जे गातो ते याने केलेले आहे, हे आता कोणास पटवून देण्याचे कारण उरले नाही.

पुढे चार वर्षे तो खेळला. शरीर दुखापतींनी जर्जर झाले होते, घरी मुले वाढत होती. १९८० साली त्याने रिंगण सोडले आणि वायोमिंगमधील कायसी या काही शे वस्तीच्या गावाजवळ आपल्या कुरणांवर तो राहू लागला. गुरे राखावी, गाणी रचावी, ब्राँझचे पुतळे घडवावे, असा त्याचा दिनक्रम होता. मूर्तिकलेतही त्यास चांगली गती होती. १९८२ पर्यंत त्याच्या गीतसंचांच्या अडीच लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या, आणि त्याही फारशा जाहिरातीवाचून. मोठ्या कंपन्यांनी करारासाठी विचारणा केली. त्याने नकार दिला. आपली गाणी कोणती असावी व कशी असावी हे दुसऱ्याने ठरवावे, हे त्यास मान्य नव्हते. पाच मुलांच्या बापाने असा नकार देणे हे धाडसाचेच काम. काहींना तो हट्टही वाटला असेल. मला वाटत नाही.

त्याच्या संगीताविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात टेक्सास व ऑक्लाहोमाच्या रस्त्यांवर मद्य व नृत्य यांचे जे स्वस्त गुत्ते असत, त्यांस हाँकी-टाँक म्हणत. तेथील गोंगाटातूनही ऐकू यावे म्हणून गवयांनी विजेची गिटार घेतली. तिच्या जोडीस फिडल आणि तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवावयाची स्टील गिटार आली. मोडलेले संसार, मद्य आणि पश्चात्ताप हे त्या गाण्यांचे विषय. क्रिसने या परंपरेचे सूर घेतले, परंतु गुत्त्यातून ते उघड्या माळावर आणले. त्याचा आवाज फार थोर होता असे म्हणवत नाही. त्यात गोडवा बेताचाच; पण खोटेपणाचा लेशही नाही, आणि ऐकणारा काउबॉय असला म्हणजे तो हे ताबडतोब ओळखी.

१९८९ साली गार्थ ब्रुक्स नावाच्या ऑक्लाहोमाच्या एका नवख्या तरुण गवयाने थकलेल्या रोडिओ स्वाराचे एक गाणे गाइले. त्यात क्रिस लेडूच्या ध्वनिफितीचा नावानिशी उल्लेख होता. गाणे देशभर गाजले, आणि हा लेडू कोण, असे लोक विचारू लागले. तोपर्यंत क्रिसने स्वतःच्या बळावर बावीस संच काढले होते! आता मात्र त्याने लिबर्टी या मोठ्या कंपनीशी करार केला व १९९१ साली त्याचा पहिला संच देशभर प्रसिद्ध झाला. १९९२ साली त्याने व ब्रुक्सने मिळून गाइलेले एक गीत लोकप्रिय गीतांच्या यादीत सातव्या स्थानी चढले. चाळिशी उलटल्यावर आलेली ही कीर्ती त्याने रंगमंचावर मुलाच्या उत्साहाने भोगली. परंतु कार्यक्रम संपला की तो कायसीस परते. नॅशव्हिल ही त्या संगीताची राजधानी. तेथे बिऱ्हाड करण्याचा मोह त्यास झाला नाही.

सन २००० च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पित्तनलिका कायमच्या आकुंचित होत असल्याचे निदान झाले. यकृत बदलण्यावाचून उपाय नव्हता. हे कळताच गार्थ ब्रुक्सने आपल्या यकृताचा भाग देऊ केला. तो या वेळी अमेरिकेतील अत्यंत विख्यात गवयांपैकी एक होता, आणि अशा शस्त्रक्रियेत देणाऱ्याच्याही जिवास धोका असतो. तपासणीत दोघांची शरीरे जुळली नाहीत, म्हणून ते दान घडले नाही. पुढे दुसऱ्या दात्याचे यकृत मिळाले व ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. बरा होऊन क्रिस पुन्हा गाऊ लागला. आणखी दोन संच त्याने काढले. परंतु २००४ च्या नोव्हेंबरात पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवला. ९ मार्च २००५ रोजी कॅस्पर येथे, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

त्याच वर्षी रोडिओच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव दोन वेगळ्या विभागांत नोंदविले गेले: एकदा स्वार म्हणून व एकदा गाण्यांनी या खेळाची सेवा केली म्हणून. असा दुहेरी मान त्यापूर्वी कोणासही मिळाला नव्हता. त्याचा मुलगा नेड, जो बापाच्या वाद्यवृंदात ढोल वाजवीत असे, तो पुढे स्वतः गाऊ लागला. कायसी गावात २०१० साली क्रिसच्या नावाचे एक उद्यान झाले. तेथे माणसाच्या दीडपट आकाराचा ब्राँझचा पुतळा आहे: खाली उसळलेले स्टॉर्मी वेदर, वर मूठ घट्ट धरलेला स्वार, आणि त्याचा दुसरा हात हवेत मोकळा.