मेडिकलची यादी लागेपर्यंत काय करायचं? मांद्र्याच्या भाऊ दाजींचं आयुष्य काय सांगतं, समजून घ्या

जून-जुलै आला की दोडामार्गात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची, दुसरी मेडिकलच्या यादीची. पाऊस येतो. यादीचं तसं नसतं. नीटचा निकाल लागतो, गुण कळतात, पण नंबर लागणार की नाही हे कळायला पुढच्या कितीतरी फेऱ्या जातात. साटेली-भेडशीत असो की मणेरीत, घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हल्ली जेवताना एकच विषय असतो: मेडिकल मिळालं नाही तर काय?

गेल्या काही वर्षांत नीटला दरवर्षी २० लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे दुसरा पर्याय ठरवून ठेवणं हे घाबरटपणाचं लक्षण नाही, तो साधा हिशेब आहे. प्रश्न एवढाच, की हा दुसरा पर्याय निवडायचा कसा?

याचं एक उत्तर आपल्याच भागातल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत ज्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड.

कोण होते भाऊ दाजी?

पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचा. जन्मवर्ष काही ठिकाणी १८२२, तर काही ठिकाणी १८२४ दिलेलं आहे. पेडणे महाल त्याआधी सावंतवाडी संस्थानाकडे होता आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगीजांकडे गेला. म्हणजे आज दोडामार्गच्या चेकनाक्यावर दिसते ती सीमा भाऊंच्या लहानपणीही होती. अलीकडे सावंतवाडीचा राजा, पलीकडे पोर्तुगीज.

घरची परिस्थिती बेताची. कोकणातल्या हजारो कुटुंबांप्रमाणे लाड कुटुंबही पोटापाण्यासाठी मुंबईला गेलं. भाऊ लहानपणी बुद्धिबळ फार चांगले खेळत. त्यांचा खेळ पाहून एका बड्या इंग्रज अंमलदाराने या मुलाला इंग्रजी शिकवा, असा आग्रह वडिलांकडे धरला, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. त्या काळी मुंबईत यापेक्षा मोठं शिक्षण नव्हतं.

तेव्हा डॉक्टर व्हायचं असेल तर काय सोय होती?

जवळजवळ काहीच नाही, आणि भाऊंची गोष्ट समजण्यासाठी नेमकं हेच माहीत असायला हवं.

मुंबईत १८२६मध्ये सरकारने एक वैद्यकीय शाळा सुरू केली होती. देशी भाषांतून शिकवणारी ही शाळा १८३२मध्ये सरकारनेच बंद केली. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या कॉलेजचा विचार पुढे नेला. पण १८३८मध्ये त्यांचंच निधन झालं. त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी काढली. शेजारच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. या सगळ्यातून ग्रँट मेडिकल कॉलेज प्रत्यक्ष उघडलं ते १८४५मध्ये.

म्हणजे १८३२ ते १८४५ अशी १३ वर्षं मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारं एकही कॉलेज नव्हतं. भाऊंचं शाळा-कॉलेजचं वय नेमकं याच काळातलं. आजच्या भाषेत सांगायचं तर यादीच लागायची नव्हती, कारण जागाच नव्हत्या.

पलीकडे गोव्यात १८४२मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. आजच्या बांबोळीच्या गोमेकॉचं मूळ तिच्यातच आहे. पण तिथला कारभार पोर्तुगीज भाषेतला. जन्म गोव्यातला असला तरी भाऊंचं सगळं शिक्षण मुंबईत आणि इंग्रजीत झालेलं. गावाच्या जवळची सोय त्यांच्या कामाची नव्हती.

मग त्यांनी काय केलं?

ते शिक्षक झाले, आणि तेही जिथे शिकले त्याच एल्फिन्स्टनमध्ये.

आज ही नोकरी साधी वाटेल. तेव्हा तसं नव्हतं. एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे एतद्देशीय लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्यात पहिलं मोठं नाव बाळशास्त्री जांभेकर यांचं. 'दर्पण'कार बाळशास्त्री देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्याच सिंधुदुर्गातले.

वेळ काढायचा म्हणून भाऊंनी शिकवलं नाही. याच सुमारास त्यांनी काठियावाड आणि कच्छमधल्या बालहत्येच्या प्रथेवर निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं. मुली जन्मताच मारण्याची ही प्रथा होती. जुने शिलालेख, नाणी आणि संस्कृत ग्रंथ यांचा नादही त्यांना याच काळात लागला. समजा, ग्रँट कॉलेज आणखी १० वर्षं उघडलंच नसतं. तरीही एक नावाजलेला शिक्षक आणि संशोधक म्हणून भाऊंचं नाव झालं असतं. त्यांचा दुसरा पर्याय स्वतःच्या पायावर उभा होता.

कॉलेज उघडल्यावर काय झालं?

१८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा भाऊ विशीच्या पहिल्या काही वर्षांत होते. हातात मानाची नोकरी होती. कोकणातून आलेल्या बेताच्या घरात अशा पगाराची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

ती नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले.

यात जोखीम मोठी होती. कॉलेज नवं. शिकून बाहेर पडलेला एकही डॉक्टर समोर नाही. मुंबई विद्यापीठ निघायला अजून १२ वर्षं होती, त्यामुळे पदवीची किंमत काय असेल हेही ठरलेलं नव्हतं. शिवाय मृतदेह उघडून शिकायचं, हे त्या काळच्या सवर्ण हिंदू घरांना विटाळाचं वाटे. चार्ल्स मोरहेड यांच्या देखरेखीखाली ही पहिली तुकडी शिकली. १८५१मध्ये त्यातले फक्त आठ जण पदवी घेऊन बाहेर पडले. त्या आठांत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत गणले गेलेले आत्माराम पांडुरंग तर्खडकर हेही त्याच तुकडीचे.

भाऊंचे धाकटे भाऊ नारायण दाजी यांनीही पुढे त्याच कॉलेजातून पदवी घेतली. एकाने वाट काढली की घरातल्या दुसऱ्याला ती सोपी होते, हे आपल्याकडे आजही दिसतं.

डॉक्टर झाल्यावर आधीचं शिक्षण वाया गेलं का?

अजिबात नाही. उलट भाऊ दाजी वेगळे ठरले ते त्याच्यामुळेच.

मुंबईत त्यांचा दवाखाना जोरात चालला. गरिबांना ते फुकट औषध देत. संस्कृत येत असल्यामुळे जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतली औषधं ते मुळातून वाचू शकत आणि रुग्णांवर पारखू शकत. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून उपचार केले. हे झाड सह्याद्रीच्या पट्ट्यातलं, आपल्या रानातलं. विसाव्या शतकात सल्फोन औषधं येईपर्यंत याच जातीच्या झाडांचं तेल कुष्ठरोगावर जगभर वापरलं जात होतं.

शिलालेखांचा नादही सुटला नाही. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले. कालिदास, आर्यभट, वराहमिहिर यांच्या काळावर लेख लिहिले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे लेख येत राहिले. १८५२मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते पुढे होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी काम केलं. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये त्यांचं नाव होतं. १८६९ आणि १८७१ अशी दोन वर्षं ते मुंबईचे शेरीफ झाले. राणीच्या बागेतलं संग्रहालय उभं करण्यासाठी ते झटले. १८७२मध्ये ते लोकांना खुलं झालं आणि १९७५मध्ये त्याला भाऊंचं नाव दिलं गेलं.

सगळं सरळ झालं का?

नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरभर शेअरचा सट्टा सुरू झाला. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. अनेक नामवंत धुळीला मिळाले. भाऊ दाजींनाही मोठा फटका बसला.

पैसा गेला, पण त्यांच्याकडे दोन गोष्टी उरल्या: रोगी तपासण्याचं कसब आणि ग्रंथ वाचण्याची विद्या. शेरीफपदाचा मान आणि संग्रहालय लोकांना खुलं होणं हे त्या पडझडीनंतरचं आहे. ३१ मे १८७४ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, ते गेले.

याचा आज यादीची वाट पाहणाऱ्यांशी काय संबंध?

भाऊ दाजींचा काळ वेगळा होता, त्यामुळे त्यांची नक्कल करता येणार नाही. तेव्हा प्रवेश परीक्षा नव्हती, आरक्षणाच्या याद्या नव्हत्या आणि शिकलेली माणसंच मोजकी होती. पण तीन गोष्टी आजही लागू पडतात.

एक, दुसरा पर्याय निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: यादीत नाव कधीच आलं नाही, तरी मी यात समाधानाने काम करीन का? उत्तर 'नाही' असेल, तर तो पर्याय नाही, ती फक्त थांबण्याची जागा आहे. भाऊ शिक्षक म्हणूनही पूर्ण होते.

दोन, पर्याय असा असावा की त्यात शिकलेलं पुढे कामाला येईल. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक यांचे महाराष्ट्रातले प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतात. बी. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी लागते आणि बीएस्सी नर्सिंगसाठी वेगळी सीईटी असते. म्हणजे 'मेडिकल मिळालं नाही तर बघू' म्हणत थांबलात, तर या परीक्षांच्या अर्जाची तारीख निघून गेलेली असते. पर्याय ठरवायचा तो निकालानंतर नाही, अर्ज भरतानाच.

तीन, नोकरी किंवा दुसरा कोर्स सुरू केला म्हणजे दार कायमचं बंद झालं, असं नाही. नीटला सध्या कमाल वयाची अट नाही. पण चालू कोर्स सोडायचा तर शुल्क आणि मूळ कागदपत्रं परत मिळण्याचे नियम काय आहेत, ते प्रवेश घेण्याआधीच वाचा. प्रत्येक फेरीत जागा सोडण्याचे नियमही वेगळे असतात.

दोडामार्गच्या मुलांनी आणखी काय लक्षात ठेवावं?

इथली सीमा आजही आडवी येते. आजारी पडलो की आपण बांबोळीला जातो. पण शिकायला जायचं तर गोमेकॉतला गोव्याचा राज्य कोटा गोव्याच्या रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्राचा दाखला असलेल्या विद्यार्थ्याला तिथे अखिल भारतीय १५ टक्के कोट्यातून प्रयत्न करावा लागतो. हे समुपदेशन केंद्राच्या पातळीवर वेगळं चालतं आणि त्याची नोंदणीही वेगळी करावी लागते. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यात असतात, त्यासाठी राज्याच्या सीईटी सेलकडे नोंदणी लागते. सिंधुदुर्गनगरीतलं सरकारी मेडिकल कॉलेजही याच प्रक्रियेत येतं. दोन्हीकडे नाव नोंदवायचं की एकाच ठिकाणी, हे आधी ठरवा. पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि पालकांसाठी एक. हा लेख लिहिणाऱ्यानेही इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि आज तो बातम्या लिहितो. घरच्यांना सुरुवातीला ते पचलं नव्हतं. आज आकडे आणि तक्ते पाहताना ती पदवी रोज उपयोगी पडते. मुलाचा दुसरा पर्याय म्हणजे त्याची हार नाही, हे घरात एकदा मोठ्याने बोललं गेलं की यादीची वाट पाहणं थोडं हलकं होतं.

मांद्र्याच्या मुलाने वाट पाहत असताना दुसरं काम मनापासून केलं, आणि दार उघडलं तेव्हा तो आत जायला तयार होता. १३ वर्षं बंद असलेलं दार कधी उघडेल, हे त्याच्या हातात नव्हतं. तोवर काय करायचं, हे मात्र होतं.