सर्वांना खूष ठेवण्याची किंमत

निवडणूक जवळ आली की नव्या पुढाऱ्याची अवस्था अडकित्त्यातील सुपारीसारखी होते. श्रेष्ठींना दुखवावयाचे नाही, मतदारांना गमवावयाचे नाही, आणि ज्यांच्या पाठिंब्याने खुर्ची लाभली त्यांनाही विसरावयाचे नाही! हा तिहेरी पेच महाराष्ट्रात सर्वांत कठोर रूपात ज्यांच्या वाट्यास आला, त्या यशवंतराव चव्हाणांचे चरित्र म्हणूनच पुनःपुन्हा आठवावे असे आहे. खानदेशाने तर ते विशेष बारकाईने वाचावे. कारण त्यांच्या मुत्सद्देगिरीचे फळ जसे आपल्याला मिळाले, तसा तिचा भुर्दंडही आपल्याच सीमेवर पडला.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. पितृछत्र लवकर हरपले. आई विठाबाईंच्या कष्टांवर घर तगले. १९३२ मध्ये शाळकरी वयातच त्यांना तुरुंगवास घडला, १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेत आणि १९५२ मध्ये मंत्रिमंडळात आले. इथवरची वाट कष्टाची होती, पण सरळ होती. खरी परीक्षा पुढे होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने मराठी मुलूख पेटला असता, १९५५ च्या डिसेंबरात फलटण येथे त्यांनी या मागणीपेक्षा नेहरूंचे नेतृत्व श्रेष्ठ मानले आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. त्या आंदोलनात गोळीबारांनी शंभरावर बळी घेतले. पुढे मुंबईचे विशाल द्विभाषिक राज्य निर्माण झाले. मालेगावच्या भाऊसाहेब हिऱ्यांचा पराभव करून यशवंतराव नेतेपदी निवडून आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, मुख्यमंत्री झाले. परंतु त्यांना मिळालेल्या मतांत गुजरातच्या मतांचा वाटा मोठा होता. मराठी माणसाचे मन राखावे तर गुजरातचा आधार सुटतो, गुजरातचे राखावे तर पायाखालची माती सरकते, आणि दिल्ली तर दोहोंवर नजर ठेवून बसलेली!

अवघ्या काही महिन्यांत, १९५७ मध्ये, निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. स्वतः यशवंतराव कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी तरले. आपल्याकडे लोकसभेसाठी पूर्व खानदेशाने नौशेर भरुचांना, तर धुळ्याने जनसंघाच्या उत्तमराव पाटलांना निवडून दिले. काँग्रेसचे राज्य टिकले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर.

दुसरा एखादा पुढारी या कौलाने चिडला असता, अथवा रोज नवे आश्वासन देत सुटला असता. यशवंतरावांनी दोन्ही टाळले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीची प्रचंड निदर्शने त्यांनी बळाने मोडून काढली नाहीत. ती शांततेने पार पडू दिली. लोकांचे मन काय आहे, हे पंतप्रधानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. द्विभाषिक राज्य त्यांनी निष्ठेने चालविले आणि ते टिकणार नाही, हेही योग्य वेळी दिल्लीला पटविले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. १९६२ च्या निवडणुकीत त्याच मतदाराने काँग्रेसला भरघोस यश दिले. त्याच वर्षी चिनी आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

या यशाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती धुळे-जळगावच्या वाचकाने विसरता कामा नये. राज्याच्या वाटणीत डांग गुजरातेत गेला. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांची शंभरावर गावेही गेली. तापीवर उकाई येथे धरण व्हावयाचे होते, हे त्यामागील मोठे कारण. मुंबईसाठी लाखोंचे मोर्चे निघाले. तापीकाठच्या भिल्ल, गावितांसाठी तेवढा आवाज उठला नाही. मुंबई मिळाली, दिल्लीचे मन राखले गेले, गुजरातचेही समाधान झाले. ज्यांच्या नाराजीचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचत नव्हता, त्यांच्या पदरी नवी सीमा आली.

यात यशवंतरावांची थोरवी उणी करण्याचा आमचा हेतू नाही. एवढा मोठा तंटा सामोपचाराने सोडविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते, आणि काही न सोडता तो सुटला असता असे कोणी म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सर्वांना खूष ठेवणे असे काही राजकारणात नसतेच. प्रत्येक तडजोडीत कोणीतरी नाराज राहते. मोठ्या पुढाऱ्याच्या हातूनही ती नाराजी बहुधा दुबळ्याच्याच माथी मारली जाते.

म्हणून नव्या पुढाऱ्यांना आमचे सांगणे आहे. लोकांचा राग सोसण्याची आणि योग्य वेळेची वाट पाहण्याची यशवंतरावांची ताकद त्यांनी अवश्य घ्यावी. पण सभा संपल्यावर, हारतुरे उतरल्यावर, या समाधानाची किंमत कोण मोजणार आहे, हेही स्वतःला विचारावे. मतदारानेही तोच प्रश्न त्यांना विचारावा.