डॉक्टर ऑगस्ट बिअर

शस्त्रक्रियेचें नांव काढतांच धीट माणसाचेंही काळीज हलतें. आमच्या ऊर्जानगराच्या आसपास, चंद्रपुरास किंवा गडचिरोलीस, एखाद्या मातेचें बाळंतपण अडलें आणि शस्त्रक्रिया करणें भाग पडलें, म्हणजे बहुधा तिच्या कमरेंत एक बारीक सुई देतात. थोड्याच वेळांत कमरेखालचें अंग बधिर होतें. माता जागी असते व बाळाचें पहिलें रडणें स्वतःच्या कानांनीं ऐकते. हें सुख ज्यांच्या परिश्रमानें जगास लाभलें, त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑगस्ट बिअर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजीं जर्मनींतील हेल्सन या गांवीं झाला. वडील जमीन मोजणीचें काम करीत. वैद्यकीचें शिक्षण पुरें करून ते किएल शहरीं एस्मार्क या नामांकित शस्त्रवैद्यांचे साहाय्यक झाले. त्या काळीं रोग्यास क्लोरोफॉर्म किंवा ईथर हुंगवून बेशुद्ध करीत. त्यामुळें वेदना कळत नसत हें खरें. परंतु शुद्धीवर येतांना वांत्या होत, जीव घाबरा होई, आणि एखादा दुर्दैवी रोगी पुनः डोळे उघडीतच नसे.

१६ ऑगस्ट १८९८ रोजीं बिअर यांनीं घोट्याच्या क्षयानें पीडलेल्या एका ३४ वर्षांच्या मजुरावर शस्त्रक्रिया केली. पूर्वीं भूल दिली असतां त्यास अतोनात त्रास झाला होता. म्हणून त्यांनीं कण्यांतील मज्जारज्जूभोंवतालच्या पाण्यांत किंचित् कोकेन सुईनें सोडलें. शस्त्र चालत असतां मजुरास वेदना झाल्या नाहींत. पण मागाहून वांत्या, डोकेंदुखी व पाठदुखी यांनीं तो हैराण झाला. पुढील रोग्यांपैकीं कित्येकांचीही तीच गत झाली.

शस्त्रक्रिया साधली, एवढ्यावर दुसऱ्या कोणाचेंही समाधान झालें असतें. बिअर यांचें झालें नाहीं. २४ ऑगस्ट रोजीं ते स्वतःच रोगी झाले, व साहाय्यक हिल्डेब्रांट यांनीं त्यांच्या कण्यांत सुई घातली. पिचकारी सुईस नीट बसेना, आणि कण्यांतील बरेंच पाणी वाहून गेलें. मग हिल्डेब्रांट यांनीं आपली पाठ पुढें केली. या खेपेस औषध नीट उतरलें. नडगीवर हातोडीचे घाव घातले, जळती चिरूट लावली, तरी त्यांस वेदना म्हणून झाली नाहीं. रात्रीं दोघे आनंदानें जेवले. दुसऱ्या दिवसापासून मात्र बिअर यांचें डोकें असें दुखूं लागलें कीं, उठून बसतां येईना. आडवें होतांच बरें वाटे. नऊ दिवस ते अंथरुणास खिळले. तेव्हां त्यांनीं ताडलें कीं, पाणी गळाल्यानेंच हें दुखणें जडतें.

१८९९ सालच्या निबंधांत त्यांनीं यशाबरोबर हे क्लेशही लिहून ठेविले, आणि याहून निर्धोक औषध मिळेपर्यंत जपून राहावें असेंच धोरण ठेविलें. निबंध मात्र त्यांच्या एकट्याच्या नांवें निघाला. ज्यानें घाव सोसले तो हिल्डेब्रांट पुढें त्यांचा कडवा टीकाकार झाला, ही गोष्ट आम्हांस लपवावीशी वाटत नाहीं.

पुढें कोकेनहून कमी विषारी औषधें निघालीं, सुया बारीक झाल्या व डोकेंदुखी पुष्कळ कमी झाली. बिअर १९०७ सालीं बर्लिनास गेले. उतारवयांत झाउएन येथील आपल्या जमिनींत नुसत्या पाइन वृक्षांच्या जागीं नाना जातींच्या वृक्षांचें वन त्यांनीं उभें केलें. वनांच्या या जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हांस त्याचें मोल सांगावयास नको. १२ मार्च १९४९ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

आज चांगला डॉक्टर सुई देण्यापूर्वीं सांगतो कीं, स्पर्श व ओढ जाणवेल, पण वेदना होणार नाहीं. थंडी भरल्यास पांघरूण घालतो. आणि दुसऱ्या दिवशीं खाटेजवळ येऊन डोकें दुखतें काय, असें विचारतो. हा प्रश्न विचारणें बिअर नऊ दिवस अंथरुणावर पडून शिकले. बालमित्रहो, आपण कोणास मदत केली, तर दुसऱ्या दिवशीं त्याची विचारपूस करावयास विसरूं नका.