फॅरेडेची वही

अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर सुरू केला की औषधाचं पाणी न उकळताच धुक्यासारखं वर येतं. खालची चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते, पाण्यावर बारीक लहरी उठतात आणि त्यांच्या टोकांवरून थेंब सुटतात. थरथरणाऱ्या पट्टीवरच्या द्रवात अशा लहरी कशा उठतात, हे १८३१ मध्ये बारकाईने पाहून लिहिलं मायकल फॅरेडेने. विजेने पाण्यातून किती हायड्रोजन निघतो, हा हिशेबही त्याचाच. आज हायड्रोजन स्वस्त पडावा म्हणून पाण्यात वीज आणि अल्ट्रासाऊंड एकत्र सोडून पाहतात, तेव्हा त्याची ही दोन्ही कामं एका भांड्यात येतात.

लोहाराचा हा मुलगा २२ सप्टेंबर १७९१ रोजी जन्मला. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचू लागला. १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीचा मदतनीस झाला. गणिताशी त्याची कधी गट्टी जमली नाही. जे दिसेल ते वहीत लिहायचं, ही मात्र पक्की सवय.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने चुंबकातून वीज मिळवली. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, ते त्यानंतर चारच महिन्यांनी.

पुढे त्याने आम्ल घातलेल्या पाण्यात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून वीज सोडली. पट्ट्या लहान असोत वा मोठ्या, आम्ल कमी असो वा जास्त, निघणारा वायू ठरत होता तो फक्त किती वीज वाहिली त्यावरून. एकदा नळीत जमलेला वायू आपोआप कमी होताना दिसला. दुसरा कोणी नळी गळते म्हणून सोडून देता. फॅरेडेने शोध घेतला. स्वच्छ प्लॅटिनमवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन पुन्हा जुळून पाणी होत होतं.

त्याचा नियम आजही हलत नाही. एक अँपिअर प्रवाह सुमारे सत्तावीस तास वाहिला तर एक ग्रॅम हायड्रोजन मिळतो. अल्ट्रासाऊंडने तो दीड ग्रॅम होत नाही. बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटून जागा अडवतात. कंपनांनी ते लवकर सुटतात, त्यामुळे तोच प्रवाह कमी व्होल्टेजवर वाहतो. बचत होते ती इथे, आणि तीतून अल्ट्रासाऊंडच्या यंत्राला लागलेली वीज वजा करावीच लागते. ती वजाबाकी न दाखवणाऱ्या दाव्यावर विश्वास ठेवू नये.

अठ्ठेचाळिशीत या माणसाला चक्कर, डोकेदुखी आणि विस्मरणाने गाठलं. काल केलेला प्रयोग आज आठवेना. डॉक्टरांनी काम थांबवायला लावलं. १८४१ मध्ये पत्नी सारासोबत तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे डोंगरवाटांनी दिवसाला पंचवीस-तीस मैल सहज चाले. पाय शाबूत, स्मरण मात्र फसवत होतं. प्रयोगशाळेत पारा उघडाच हाताळला जाई, त्यामुळे पाऱ्याच्या विषबाधेचा संशय पुढे अनेकांनी घेतला. पण इतकं दणकट चालणारा रुग्ण त्या निदानात सहज बसत नाही.

आता वहीच त्याची आठवण झाली. प्रत्येक नोंदीला तो क्रमांक देई. ते क्रमांक सोळा हजारांपुढे गेले. जुनी नोंद शोधायची, वाचायची आणि तिथून पुढे जायचं. असं करत १८४५ मध्ये त्याने चुंबकाने प्रकाशाची ध्रुवण-दिशा फिरते हे दाखवलं. आजारानंतरचं हे काम आधीच्या कामाहून कमी तोलाचं नाही. १८६०च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं देताना त्याने पुन्हा विजेने पाणी फोडून हायड्रोजन दाखवला.

१८६२ मध्ये चुंबकाचा ज्योतीच्या वर्णपटावर काही परिणाम होतो का, हे त्याने तपासलं. काहीच दिसलं नाही. त्याने तसंच लिहून ठेवलं. तो परिणाम खरोखर होता; पुढे १८९६ मध्ये झीमनला अधिक चांगल्या उपकरणांनी तो सापडला. त्याआधीच, २५ ऑगस्ट १८६७ रोजी, हॅम्प्टन कोर्टच्या घरात खुर्चीत बसल्या बसल्या फॅरेडे गेला होता.