महात्मा गांधी आणि पवित्र भूमीचा वाद

चांदा धर्मप्रांतात चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांसह वर्धा जिल्हाही येतो. त्याच वर्ध्याजवळच्या सेगावात राहून महात्मा गांधींनी पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर आपले मत मांडले होते. ऑक्टोबर २०२३ पासून इस्राएल आणि गाझा येथील रक्तपाताने आपल्याही घरांत वाद उभे केले आहेत. म्हणून गांधीजींच्या जीवनातील हे प्रकरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेले मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन १८९३ साली दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील लढ्यात हेन्री पोलक आणि वास्तुशिल्पी हर्मन कॅलनबाख हे ज्यू मित्र त्यांना लाभले. कॅलनबाख यांनी १९१० साली आपली जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली आणि तेथे टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. १९१५ मध्ये भारतात परतल्यावर गांधीजींनी खिलाफत चळवळीत मुस्लिम बांधवांना साथ दिली. अशा रीतीने या वादातील दोन्ही बाजूंशी त्यांचे जिव्हाळ्याचे नाते जडले होते.

१९३६ साली ते सेगावी राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची सभास्थाने जाळली गेली. पॅलेस्टाईनमध्ये १९३६ पासून अरबांचा उठाव चालू होता. त्याच महिन्यात गांधीजींनी हरिजन पत्रात लेख लिहिला. ज्यूंच्या छळाची तुलना त्यांनी अस्पृश्यतेशी केली. तथापि, ब्रिटिश शस्त्रांच्या बळावर अरबांची भूमी घेणे त्यांना अन्यायाचे वाटले. अरबांनी अवलंबिलेल्या हिंसेचेही त्यांनी समर्थन केले नाही. जर्मनीतील ज्यूंना मात्र त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग सुचविला.

या सल्ल्याने अनेक ज्यू विचारवंत व्यथित झाले. जेरुसलेमहून मार्टिन बुबर आणि यहुदा मॅग्नेस यांनी १९३९ मध्ये गांधीजींना पत्रे लिहिली. हे दोघेही ज्यू-अरब सलोख्याचे पुरस्कर्ते होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची स्थिती आणि नाझी छळछावण्यांतील ज्यूंची स्थिती एक नव्हे, असे बुबर यांनी आदरपूर्वक दाखवून दिले. पुढे सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली. स्वतःच्या अनुभवाच्या मापाने दुसऱ्याचे संकट मोजणे अपुरे ठरते, हे येथे मान्य करावे लागेल.

तरीही गांधीजींच्या वागणुकीत शिकण्यासारखे बरेच आहे. आपल्यावरील टीकेची त्यांनी हरिजनमधून जाहीर दखल घेतली. ज्यू लोक लोकशाही राष्ट्रांना जर्मनीविरुद्ध युद्धास प्रवृत्त करीत आहेत, अशा आशयाचे एक विधान त्यांनी केले होते. त्यास पुरावा मिळेना, तेव्हा मे १९३९ मध्ये त्यांनी ते विनाअट मागे घेतले. कॅलनबाख झायोनवादाचे समर्थक होते; तरी मैत्री तुटली नाही आणि १९३९ मध्ये ते सेगावी येऊन राहिले. १९४६ साली गांधीजींनी पुन्हा लेखणी उचलली. जगाने ज्यूंवर घोर अन्याय केल्याचे त्यांनी सांगितले आणि पॅलेस्टाईनमधील ज्यू गटांच्या दहशतीचाही निषेध केला. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी मे महिन्यात इस्राएल राष्ट्र जन्मास आले आणि त्या काळातील युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले.

आपल्या वनप्रदेशाला हा विषय परका नाही. गडचिरोलीतील आदिवासी बांधवांना अनेक दशके दोन बंदुकांच्या मध्ये उभे राहून, तू कोणाच्या बाजूचा, या प्रश्नास सामोरे जावे लागले. त्या प्रश्नात माणसाच्या दुःखाला जागा नसते. गुड फ्रायडेला आपण पवित्र भूमीसाठी दान देतो. तेथील ख्रिस्ती बांधवांत अनेक जण अरब आहेत, आणि ज्या प्रभूचे दुःखसहन आपण त्या दिवशी आठवतो तो ज्यू कुळात जन्मला. म्हणून या विषयावर बोलताना दोन्हीकडच्या मृतांची नावे सारख्याच आदराने घ्यावीत, आपल्या आवडत्या पक्षाचा दोषही सांगावा आणि जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे. एवढे पथ्य पाळले, तर मतभेद राहूनही आपण एका वेदीभोवती जमू शकू.