व्हिएन्नाचे खजिनदार

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तो माजी खजिनदार म्हणून. त्या काळातल्या आठवणी लिहा, असं मंडळींचं म्हणणं. आठ वर्षं मी आपल्या सोसायटीचे हिशेब सांभाळले, पण त्या आठवणींत पावतीपुस्तकं, थकबाकीदारांची यादी आणि लिफ्टच्या कंत्राटाची घासाघीस यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही. एकच गोष्ट आहे, ती ओघात येईल. त्यापेक्षा एका फार मोठ्या खजिनदाराबद्दल लिहावं असं ठरवलं. त्यांचं नाव ह्युगो ब्राइटनर. त्यांच्या शहरात हे नाव सर्वांना ठाऊक आहे, मला मात्र वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे व्हिएन्नाला गेलो होतो. राजवाडे बघून झाले, संगीताचं झालं, मग जावई म्हणाले, बाबा, तुम्हाला सोसायट्यांची आवड आहे, तर एक इमारत दाखवतो. मेट्रोने शेवटच्या स्टेशनवर उतरलो, हायलिगेनश्टाटला. समोरच ती उभी. कार्ल मार्क्स होफ. एकच इमारत, एक किलोमीटरहून लांब! घरं १,३८२. १९२७ ते १९३० या काळात महानगरपालिकेने बांधलेली. मोठमोठ्या कमानी, आत झाडांची अंगणं, दोन सार्वजनिक धुलाईघरं, दोन स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना. भिंतीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मुलीने वाचून सांगितलं, की ही इमारत पालिकेने अमुक साली घरबांधणी कराच्या पैशातून बांधली, असं त्यात आहे. त्या काळातल्या बहुतेक पालिकेच्या इमारतींवर हे असंच लिहिलेलं असतं. पैसा कुठून आला हे भिंतीवर लिहून ठेवणारं शहर मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. आपण ऑडिट रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावतो, तोही चार दिवसांत कोणीतरी त्यावर क्लासची जाहिरात चिकटवतं.

तो कर बसवणारे गृहस्थ म्हणजे ब्राइटनर.

त्यांचा जन्म १८७३ सालचा, व्हिएन्नातल्याच एका ज्यू कुटुंबातला. शिक्षण व्यापारी शाखेचं. लेंडरबँक नावाच्या मोठ्या बँकेत कारकुनीपासून चढत ते संचालकपदापर्यंत गेले. म्हणजे माणूस पक्का बँकवाला. पण बँकेतल्या नोकरांच्या संघटनेतही होते आणि विचारांनी समाजवादी. पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं, ऑस्ट्रियाचं पाच कोटींचं साम्राज्य कोसळून साठ-पासष्ट लाखांचा छोटा देश उरला आणि त्यात अठरा लाखांहून मोठं व्हिएन्ना. भुकेलं आणि कर्जबाजारी. १९१९ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट पक्ष पालिकेत बहुमताने आला. बँकेतलं भरपगाराचं पद सोडून ब्राइटनर पालिकेत आले आणि १९३२ पर्यंत शहराची तिजोरी त्यांच्या हातात राहिली.

त्या वेळची घरांची अवस्था ऐकून मला माझं लहानपण आठवलं. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. तळमजला अधिक तीन, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास मजल्याच्या सामाईक. व्हिएन्नातही कामगारांच्या इमारतीत नळ बाहेर बोळात असायचा. त्याला बासेना म्हणत, आणि आपल्याकडे नळावर व्हायची तशी भांडणं तिथेही व्हायची. संडास सामाईक. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच बिऱ्हाड, तरीही भाडं परवडत नाही म्हणून त्यात पोटभाडेकरू. त्यांतले काही तर नुसती खाट भाड्याने घेत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच खाटेवर. पूर्वी प्लॉटच्या पंच्याऐंशी टक्के जागेवर बांधकाम करायला मुभा होती. उजेड-वारा येणार कुठून?

आता तिजोरीचा प्रश्न. युद्धकाळात सरकारने घरभाडी गोठवली होती. पुढे चलन असं घसरलं, की १९२२ अखेर सोन्याच्या एका क्रोनला कागदाचे १४,४०० क्रोन पडत. गोठलेल्या भाड्याची किंमत जवळजवळ शून्य झाली. भाडेकरू वाचले, पण घरमालकांचं उत्पन्न बुडालं, खासगी बांधकाम थांबलं, आणि भाड्यावरच्या करातून पालिकेला जे मिळायचं तेही गेलं. थोडक्यात, शहराचं मेंटेनन्सच बंद पडलं. असा खजिनदार काय करील? कर्ज काढील. युद्धापूर्वीच्या व्हिएन्नाने तेच केलं होतं. ब्राइटनरनी आधी कर उभे केले. १ जानेवारी १९२२ पासून व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबर कर बसवायचा अधिकारही. तो त्यांनी पुरेपूर वापरला.

त्यांची करांची यादी वाचताना मजा येते. घरात एक मोलकरीण असेल तर कर नाही, दुसरी ठेवलीत की कर सुरू, तिसरीला आणखी. मोटारगाडी, घोड्यांच्या शर्यती, मुष्टियुद्ध, नाटक-सिनेमा, उंची हॉटेलांतलं खाणंपिणं, सगळ्यांवर कर. कुठला पैसा कुठे गेला हेही ते जाहीर सभेत मिरवायचे. शाळकरी मुलांच्या दातांच्या दवाखान्यांचा खर्च शहरातली चार मोठी मिठाईची दुकानं भरतात, शाळेच्या डॉक्टरांचे पगार साखर नावाच्या प्रसिद्ध हॉटेलाच्या करातून निघतात, मुलांच्या इस्पितळांचा खर्च फुटबॉलच्या सामन्यांतून, अशी ती यादी. केक खाऊन दात किडवायचे त्यांनी आणि दुरुस्तीचे पैसेही द्यायचे त्यांनीच, यातला खट्याळपणा त्यांच्या ध्यानात नसेल असं मला वाटत नाही.

पण खरा कर घरबांधणीचा. तो १९२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने भरायचा, कामगारानेही. मात्र चढता. छोट्या घराला युद्धापूर्वीच्या भाड्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास, आणि सर्वांत महागड्या घरांना छत्तीस टक्क्यांहून जास्त. परिणाम असा, की शहरातल्या सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांमधून या कराचा जवळजवळ पंचेचाळीस टक्के पैसा येत असे. आणि हा पैसा घरबांधणीलाच वापरायचा, दुसरीकडे वळवायचा नाही. तो पुरेसा नव्हता. बांधकामाचा निम्म्याहून अधिक खर्च इतर करांतून यायचा. त्याच वर्षी पाच वर्षांत पंचवीस हजार घरं बांधायचा ठराव झाला आणि तो मुदतीआधी पुरा झाला. मग आणखी तीस हजारांचा. १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. घरं लहान, सुरुवातीला अडतीस आणि अठ्ठेचाळीस चौरस मीटरची. न्हाणीघर आत नाही. पण प्रत्येक घरात नळ आणि संडास, आणि प्लॉटचा निम्मा भाग तरी मोकळा.

इथे मला खजिनदार म्हणून थांबावंसं वाटतं. बांधकामाचा पैसा करातून एकदाच खर्ची टाकला, तो भाडेकरूकडून परत मागायचा नाही. व्याज नाही, हप्ता नाही. त्यामुळे भाडं ठरवताना फक्त देखभाल, दुरुस्ती आणि रोजचा चालू खर्च धरायचा. ते भाडं कामगाराच्या पगाराच्या साधारण चार टक्के पडत असे.

याच वर्षांत मुंबईतही सरकार घरं बांधत होतं. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने पन्नास हजार खोल्यांचा बेत केला होता. पैसा कर्जाचा, त्याला जोड म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर. शेवटी २०७ चाळी झाल्या, खोल्या साधारण सोळा हजार. तरीही भाडं गिरणीकामगाराला झेपेना, आणि बांधलेल्या खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या पडून होत्या. त्यांतल्याच एका खोलीत पुढे माझे आजोबा राहायला आले. म्हणजे घर बांधणं हे अर्धंच काम. त्याचं भाडं किती, आणि त्या भाड्यात काय काय धरलंय, हे ठरवणं उरलेलं अर्धं.

आणि आता माझी ती एक गोष्ट. मी खजिनदार असताना मेंटेनन्स वाढवलं नाही, याचा मला अभिमान होता. दरवर्षी सर्वसाधारण सभेत टाळ्या पडायच्या. आपल्या उपविधींत दुरुस्ती निधीला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला पाव टक्का सांगितलेला आहे. मी सिंकिंग फंड घेत होतो, दुरुस्ती निधी मात्र नावापुरता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीन वर्षं पुढे ढकललं. मग त्या पावसाळ्यात बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या छताचा गिलावा कोसळला. रात्री दोन वाजता, म्हणून कोणाला लागलं नाही. नंतर प्रत्येक घराला एकरकमी पैसे काढावे लागले. तळमजल्यावरच्या एका आजींनी त्यासाठी पोस्टातली ठेव मोडली. त्या मला काही बोलल्या नाहीत. पावती घेतली आणि चहा घेऊन जा म्हणाल्या. जुन्या सभासदांना हे आठवत असेल. ब्राइटनर यांचं भाडं माझ्या मेंटेनन्सपेक्षा स्वस्त होतं, पण त्यात दुरुस्ती धरलेली होती. माझ्या स्वस्ताईत ती नव्हती, एवढा फरक.

ब्राइटनर यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. गोठलेल्या भाड्याखाली छोटे घरमालकही भरडले गेले. एखाद्या विधवेचं सगळं उत्पन्न म्हणजे एक जुनी इमारत, अशांचं काय झालं, याचं समाधानकारक उत्तर त्यांच्या हिशेबात सापडत नाही. आणि वर्षाच्या करातून वर्षाचं बांधकाम करायचं म्हटलं, की कर आटले की काम थांबतं. तसंच झालं. १९२९ नंतर जगभर मंदी आली, केंद्रात विरोधी पक्षाचं सरकार होतं, त्याने करांतला व्हिएन्नाचा वाटा कापला. नवी घरं कमी कमी होत गेली.

श्रीमंत आणि उजव्या गटांचा त्यांच्यावर इतका राग, की १९३० मध्ये एका निमलष्करी संघटनेच्या पुढाऱ्याने भर सभेत त्यांचं डोकं उडवण्याची भाषा केली, आणि तीही त्यांच्या ज्यू असण्याला डिवचून. एका हिशेबनीस माणसाबद्दल! १९३२ मध्ये तब्येत ढासळल्याने ब्राइटनर पायउतार झाले. त्यांच्या जागी रोबर्ट डानेबेर्ग आले. फेब्रुवारी १९३४ मध्ये यादवी पेटली, आणि सरकारी तोफांनी कार्ल मार्क्स होफवर मारा केला. लोक राहत असलेल्या घरांवर. ब्राइटनर पदावर नव्हते, तरी त्यांना अटक झाली. पुढे सुटले. १९३८ मध्ये नाझी आले आणि त्यांना देश सोडावा लागला. डानेबेर्ग मात्र पकडले गेले आणि १९४२ मध्ये आउश्वित्झला मारले गेले.

ब्राइटनर शेवटी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँट गावी राहिले. युद्ध संपलं, व्हिएन्ना पुन्हा उभं राहू लागलं, पण परत जाणं त्यांच्या नशिबात नव्हतं. ५ मार्च १९४६ रोजी ते तिथेच वारले. नंतर पालिकेने शहराच्या पश्चिमेला, पेंझिंग भागात, घरांची एक मोठी वसाहत बांधली आणि तिला त्यांचं नाव दिलं. आम्हाला ती बघायची होती, पण त्या दिवशी पाऊस लागला आणि हिचा गुडघा धरला होता. मुलगी म्हणाली, पुढच्या खेपेला.

ताजा कलम : दुरुस्ती निधी पाऊण टक्क्यावर नेण्याचा ठराव यंदाच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ६ वर आहे. मी बाजूने हात वर करणार आहे. बी विंगच्या आजी आता नाहीत, पण त्यांची सून सभेला येते.