उजवा हात निकामी झाला, गड्याने पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि ऑलिम्पिकची दोन गोल्ड जिंकली

फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक फॉरवर्ड येतोच. बॉम्ब फुटून एका सैनिकाचा हात गेला, पण तो खचला नाही, दुसऱ्या हाताने नेमबाजी शिकला आणि थेट ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन आला. खाली गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. नाव असतं कॅरोली टॅकॅक्स.

माणूस खरा आहे. हंगेरीत त्याच्या नावाचा उच्चार कारोय टाकाच असा करतात. पण फॉरवर्डवाले जे दोन ओळीत उरकतात, त्याला प्रत्यक्षात दहा वर्षं लागली होती.

टाकाच जन्मला २१ जानेवारी १९१० रोजी, बुडापेस्टमध्ये. पुढे सैन्यात गेला आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत देशातल्या चांगल्या नेमबाजांमध्ये त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला तो जाणार असंच सगळ्यांना वाटत होतं. पण तो होता सार्जंट, आणि हंगेरीच्या सैन्यात नियम असा की ऑलिम्पिकला फक्त अधिकाऱ्यांना पाठवायचं. नेम कितीही चांगला असो, खांद्यावर फीत नाही म्हणून गडी घरी बसला. बर्लिननंतर तो नियम काढून टाकला. आता १९४० ची वाट बघायची, एवढंच राहिलं होतं.

मग १९३८ मध्ये सैन्याच्या सरावात हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. नेमबाजीचा हात तोच. जवळपास महिनाभर तो हॉस्पिटलमध्ये होता.

आता तुम्ही म्हणाल, एक हात गेला तर दुसऱ्याने पिस्तूल धरायचं, त्यात काय एवढं? इथेच तर खरी मेख आहे.

स्पर्धेचं पिस्तूल म्हणजे पिक्चरमधल्या हिरोच्या कमरेला असतं तसलं नसतं. त्याची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाच्या मापाने कोरलेली असते. अंगठा टेकवायला एका बाजूला खाच, तळव्याला खालून आधार द्यायला छोटी फळी. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात नीट बसतच नाही. जुनी स्पर्धेची पिस्तुलं जमवणाऱ्या हौशी लोकांना हे चांगलंच माहीत असतं. ज्याच्यासाठी मूठ कोरली, त्याच्या हाताचा आकार त्यात कायमचा राहतो. पिस्तूल शंभर नंबरी असलं तरी नव्या मालकाच्या हाताला ते टोचत राहतं.

त्यात हा खेळ एका हाताचा. दुसऱ्या हाताचा आधार घ्यायची परवानगीच नाही. हात बदलला की पाय उलटे, खांदा उलटा, चाप ओढणारं बोट नवीन. बरं, उजव्या हाताने पिस्तूल धरणारे बहुतेक जण नेमही उजव्या डोळ्याने धरतात, त्यामुळे त्याचंही गणित बदलतं.

टाकाचचा प्रकार होता रॅपिड फायर. अंतर २५ मीटर, म्हणजे घणसोली स्टेशनात उभ्या असलेल्या लोकलच्या एका डब्याच्या लांबीपेक्षा थोडं जास्त. समोर ओळीने पाच लक्ष्यं आणि प्रत्येकावर एकच गोळी. आधी ८ सेकंदात पाच, मग ६ सेकंदात, शेवटी ४ सेकंदात. अशा एकूण ६० गोळ्या. चार सेकंदात विचार करायला वेळ कुठला? जे करायचं ते हातालाच पाठ असावं लागतं. आणि पाठ असलेला हातच आता कामाचा राहिला नव्हता.

टाकाचने कुणाला न सांगता डाव्या हाताचा सराव सुरू केला. १९३९ च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा भरली. ओळखीच्या नेमबाजांना वाटलं, बिचारा खेळ बघायला आलाय. तो खेळायला आला होता, आणि जिंकून गेला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नच्या जागतिक स्पर्धेत हंगेरीच्या संघाने सुवर्ण मिळवलं, त्या संघातही तो होता.

पण तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० चं ऑलिम्पिक रद्द झालं, १९४४ चंही. हात तयार होता, स्पर्धाच नव्हती. नेमबाजाची उमेदीची वर्षं अशी गेली. फॉरवर्डमध्ये हा भाग सहसा सापडत नाही, पण हातबॉम्बइतकाच तोही वाईट होता.

१९४८ साली लंडनमध्ये ऑलिम्पिक झालं. आपल्या खाशाबा जाधवांचं हे पहिलं ऑलिम्पिक, त्यात ते सहावे आले. टाकाच तेव्हा ३८ वर्षांचा. त्याच्यासमोर होता अर्जेंटिनाचा कार्लोस साएन्झ व्हॅलियेन्ते, १९४७ चा जगज्जेता. असं सांगतात की त्याने टाकाचला तू इथे कसा काय, असं विचारलं आणि टाकाचने शिकायला आलोय म्हणून विषय संपवला. निकाल लागला तेव्हा टाकाचचे गुण होते ६०० पैकी ५८०, जागतिक विक्रम. व्हॅलियेन्तेचे ५७१. शिकून झालं वाटतं, अशा अर्थाचं काहीतरी मग त्यानेच टाकाचला म्हटलं म्हणे.

चार वर्षांनी हेलसिंकी. याच ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी भारताला कांस्य मिळवून दिलं. टाकाच ४२ वर्षांचा होता आणि यावेळी निकाल अगदी काठावर लागला. त्याला ५७९ गुण. दुसऱ्या नंबरच्या पोराला ५७८. हे पोरगं म्हणजे १७ वर्षांचा सिलार्ड कुन, तोही हंगेरीचाच, आणि त्याला शिकवलं होतं खुद्द टाकाचने. या प्रकारात सलग दोनदा ऑलिम्पिक जिंकणारा टाकाच पहिलाच.

१९५६ ला मेलबर्नमध्ये तिसऱ्यांदा उतरला, तेव्हा आठवा आला. १९५८ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत पिस्तुलाच्याच दुसऱ्या एका प्रकारात कांस्य घेतलं. देशातली ३५ विजेतेपदं त्याच्या नावावर लागली. पुढे लेफ्टनंट कर्नल म्हणून तो सैन्यातून निवृत्त झाला. ज्याला सार्जंट म्हणून बर्लिनला पाठवलं नव्हतं, तोच हा. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्टमध्ये त्याचं निधन झालं.

२०१२ मध्ये विजय कुमारने लंडनमध्येच भारतासाठी रौप्यपदक जिंकलं, ते याच २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात. आठ, सहा आणि चार सेकंदांचा हिशोब आजही तोच आहे.